मुंबईहून ठाण्यास : एका छोट्या मोटारप्रवासाची आंखणी

लांबच्या प्रवासाची तयारी कशी करावी हें मराठी माणसास कोणी शिकवावें लागत नाहीं. काशीयात्रेस निघणारा मनुष्य पूर्वीं घरादाराची निरवानिरव करूनच उंबरठा ओलांडीत असे. आजहि कोंकणांत गणपतीस जावयाचें म्हटलें म्हणजे चार दिवस आधींपासून पिशव्या भरूं लागतात, औषधांची डबी भरली जाते, शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवली जाते. परंतु सकाळीं निघून संध्याकाळीं घरीं परत यावयाचें अशा प्रवासाचीहि कांहीं आंखणी करावी लागते, हें मात्र फारसें कोणाच्या ध्यानींमनीं नसतें. ‘ठाण्यापर्यंत तर जावयाचें!’ एवढ्या एका वाक्यांत सारी तयारी आटोपते, आणि मग अर्ध्या वाटेवर तिची उणीव एकेक करून प्रकट होऊं लागते. अंतर लहान असलें म्हणजे जोखीमहि लहान असते, हा समज किती फसवा आहे, हें पाहण्यासाठीं असाच एक प्रवास उदाहरणादाखल घ्यावा.

कल्पना करावी कीं, गिरगांवांत राहणारें एक कुटुंब आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आजोबा, त्यांहून थोड्या लहान आजी, मुलगा, सून व सहा वर्षांची नात. ठाण्यास नौपाड्यांत आजोबांच्या धाकट्या बहिणीच्या नातीचा साखरपुडा आहे. दिवस रविवारचा, वेळ सकाळीं अकराची. बहीणभावांची दोन वर्षांत भेट नाहीं, आणि या वयांत पुढल्या भेटीची हमी कोणी द्यावी? अर्थात् हा प्रवास कुटुंबास छोटा वाटला तरी आजोबांस तो छोटा नाहीं.

मुंबई व ठाणें यांचें नातें प्रवासाच्या इतिहासांत फार मानाचें आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास जी आगगाडी गेली, तीच या देशांतील पहिली उतारूंची आगगाडी होय. चौदा डबे, सुमारें चारशें निमंत्रित मंडळी व ३४ किलोमीटरांचा मार्ग. त्याच्याहि आधीं, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभास, जोनाथन डंकन हे मुंबईचे गव्हर्नर असतां शीव व कुर्ला यांमधील दलदलीवर बांध घालण्यांत आला व मुंबई बेट खुष्कीच्या मार्गानें साष्टीशीं जोडलें गेलें. तोंपर्यंत या वाटेनें जाणाऱ्यास खाडी ओलांडण्यावांचून गत्यंतर नव्हतें. जो रस्ता पुढें आग्रा रोड म्हणून ओळखला गेला व आज लाल बहादुर शास्त्री मार्ग या नांवानें चालतो, तो कुर्ला, घाटकोपर, भांडुप, मुलुंड या गांवांना ओंवीत ठाण्यास पोहोंचतो. त्याच्या पूर्वेस, खाडीच्या व मिठागरांच्या अंगानें जाणारा रुंद रस्ता तो पूर्व द्रुतगति महामार्ग. आजच्या मोटारीची मुख्य वाट हीच.

आंखणींतील पहिला प्रश्न कोणत्या रस्त्यानें जावें हा नव्हे. मोटारीनें जावें कीं नाहीं, हा आहे. गाडी दारांत उभी आहे एवढ्यावरून तो प्रश्न सुटत नाहीं. एकटा, धडधाकट मनुष्य असेल तर छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसवरून सुटणारी जलद लोकल त्यास पाऊण तासाच्या आंतबाहेर ठाण्यास नेऊन सोडते, आणि हा वेळ सहसा चुकत नाहीं. मोटारीचा वेळ मात्र अर्ध्या तासानें कमी किंवा अधिक होऊं शकतो. तथापि रविवारीं एक अडचण असते. मार्गाच्या देखभालीसाठीं मध्य रेल्वे बहुतेक रविवारीं ‘मेगाब्लॉक’ घेते. तो बहुधा सकाळीं अकराच्या सुमारास सुरू होऊन दुपारीं चारपर्यंत चालतो. म्हणजे जातांना गाडी सुरळीत मिळाली तरी परततांना तिची वाट पाहत उभें राहण्याची पाळी येते. शिवाय पुलाचे जिने चढणें आजोबांच्या गुडघ्यांस मानवणारें नाहीं. या दोन कारणांसाठीं या कुटुंबानें मोटारीचा निर्णय घेतला तर तो योग्यच होय. मात्र तो विचारपूर्वक घेतलेला असावा. केवळ संवयीनें नव्हे.

दुसरा प्रश्न वेळेचा. येथें बहुतेक घरांत उलटी रीत चालते. ‘साडेनवाला निघूं, अकराला पोहोंचूं’ असें म्हणून निघण्याच्या वेळेपासून हिशेब मांडला जातो. वस्तुतः तो पोहोंचण्याच्या वेळेपासून मागें मागें मोजीत यावयास हवा. अकराचा साखरपुडा, घरच्या माणसांनीं अर्धा तास आधीं, म्हणजे साडेदहास, तेथें असावें. नौपाड्यांतील गल्ल्या अरुंद असून रविवारीं गाडी उभी करावयास जागा शोधण्यांत व तेथून चालत येण्यांत पाव तास सहज जातो. म्हणून ठाण्यांत शिरण्याची वेळ सव्वादहा. मोबाइलवरील नकाशा एका तासाचा प्रवास दाखवीत असला तरी सव्वा तास धरावा; म्हणजे निघण्याची वेळ नऊ. आणि आजोबांनीं चपला शोधण्यापासून नातीनें विसरलेली बाहुली आणण्यासाठीं पुन्हां वर जाण्यापर्यंतच्या विधींस आणखी पाव तास. म्हणजे दाराला कुलूप लावण्याची वेळ पावणेनऊ ठरली. साडेनऊ व पावणेनऊ यांमध्यें जो पाऊण तास आहे, त्याच पाऊण तासांत वाटेवरील बहुतेक रागलोभ, भांडणें व अविचार जन्म पावतात.

नकाशाविषयीं एक सूचना. आदल्या रात्रीं दहा वाजतां पाहिलेला वेळ दुसऱ्या दिवशीं सकाळीं नऊ वाजतां खरा ठरत नाहीं. त्यापेक्षां आदल्या रविवारीं त्याच घटकेस तो उघडून पाहावा. आणि तो ‘इतकीं ते इतकीं मिनिटें’ असे दोन आंकडे देत असेल तर मोठा आंकडाच खरा मानावा. शिवाय रस्ते व पूल दुरुस्तीसाठीं बंद होत असतात. शीव स्थानकाजवळील शतकाहून अधिक जुना पूल १ ऑगस्ट २०२४ पासून नव्यानें बांधण्यासाठीं वाहतुकीस बंद करण्यांत आला, तेव्हां वर्षानुवर्षें त्याच वाटेनें जाणाऱ्या कित्येकांस ती गोष्ट पुलाच्या तोंडाशीं येऊन समजली. सकाळच्या वर्तमानपत्रांत वाहतुकीची जी लहानशी सूचना असते, ती या दिवशीं तरी आधीं वाचावी.

आतां वाट. गिरगांवाहून निघणाऱ्यास दोन मार्ग आहेत. एक दादर, शीव असा शहरांतून, दुसरा पी. डिमेलो मार्गावरून पूर्व मुक्तमार्गाचा, ज्यास सर्वजण ‘फ्रीवे’ म्हणतात. सुमारें सतरा किलोमीटरांचा हा मार्ग २०१३ च्या जून महिन्यापासून टप्प्याटप्प्यानें खुला झाला. गोद्यांच्या डोक्यावरून जात, डोंगरांतील बोगद्यांतून बाहेर पडून, चेंबूर ओलांडून तो घाटकोपरच्या बाजूस द्रुतगति महामार्गास मिळतो. वाटेंत सिग्नल नाहींत, हें त्याचें सुख. आणि थांबावयास जागा नाहीं, हें त्याचें दुःख. एकदां वर चढलेल्या गाडीस खालीं उतरेपर्यंत सोय नाहीं, ही गोष्ट वृद्ध माणसें बरोबर असतां विसरतां कामा नये. दुचाकी वाहनांस तर त्यावर मुळींच प्रवेश नाहीं. तेव्हां मागाहून स्कूटरवर येणाऱ्या पुतण्यास ‘आमच्या मागोमाग ये’ असें सांगून निघूं नये.

मुलुंडपाशीं पूर्वीं टोलनाक्याची रांग असे व तिच्यासाठीं वेगळा वेळ राखावा लागे. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पांचहि प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांस टोल माफ झाला. तथापि माफी झाली म्हणून वर्दळ ओसरली, असें समजूं नये. नाक्यापुढें कोपरीचा रेल्वेवरील पूल लागतो, आणि त्यानंतर ठाण्याचे चार प्रसिद्ध नाके क्रमानें येतात : तीन हात नाका, नितीन, कॅडबरी व माजिवडा. नवख्या माणसाची फसगत होते ती येथें. नाक्यांवर उड्डाणपूल आहेत; ज्यास नौपाड्यांत वळावयाचें आहे त्यानें तीन हात नाक्याच्या पुलावर न चढतां खालच्या रस्त्यानें जावयास हवें. गप्पांच्या भरांत पूल चढला कीं नौपाडा उजव्या हातास मागें राहतो, व पुढल्या नाक्यावरून परत फिरण्यांत दहा मिनिटें खर्ची पडतात. चुकलेलें वळण साधण्यासाठीं पुलाच्या तोंडाशीं गाडी मागें घेणारे शहाणे अधूनमधून दिसतात. त्यांच्या मागून ताशीं साठ किलोमीटरांच्या वेगानें येणारा मालमोटारवाला त्यांच्या घाईची पर्वा करीलच असें नाहीं. म्हणून मागल्या नाक्यापासूनच शेजारीं बसलेल्या माणसानें वळणाची आठवण द्यावी. चालविणाऱ्यानें मोबाइल हातांत घेऊं नये.

वेगाविषयींचा हिशेब शाळेंतील मुलासहि करतां येईल, परंतु मोठीं माणसें तो करीत नाहींत. शिवेपासून ठाण्याच्या वेशीपर्यंतचें अंतर ढोबळ मानानें वीस किलोमीटर धरावें. ताशीं साठ किलोमीटर वेगानें त्यास वीस मिनिटें लागतात, ऐंशीनें पंधरा. म्हणजे सर्व रस्ता मोकळा मिळाला, असें अशक्य गृहीत धरलें तरी, मिळकत पांच मिनिटांची. प्रत्यक्षांत पुढल्या कोंडींत तीं पांच मिनिटेंहि विरून जातात. आणि या मिळकतीची किंमत काय? साठच्या वेगानें जाणारी गाडी सेकंदास सोळा-सतरा मीटर पुढें जाते; संकट डोळ्यांस दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच ती इतकें अंतर तोडते. ऐंशीच्या वेगानें हेंच अंतर बावीस मीटर होतें. त्यापुढें ब्रेक लागल्यावर गाडी थांबण्यास लागणारें अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. म्हणजे साठाच्या ऐंशी झाल्यानें तें पावणेदोन पटींहून कांहींसें अधिकच होतें. लांबच्या प्रवासांत वेगानें निदान तासभर तरी वांचतो. लहान प्रवासांत तेंच धाडस करून मूठभर मिनिटें हातीं येतात. तेव्हां छोट्या प्रवासांत वेग वाढविण्याइतका आंतबट्ट्याचा व्यवहार दुसरा नाहीं.

बसण्याची व्यवस्था हा यापुढील मुद्दा, व तो सर्वांत नाजूक. कारण येथें शिस्तीची गांठ प्रेमाशीं पडते. गाडी सुटतांना असा संवाद कोणत्याहि घरांत ऐकूं येईल :

“बाबा, पट्टा लावून घ्या.”

“अरे, मागें बसणाऱ्यास कशाला पट्टा? आणि ठाणें तें काय, आत्तां येईल!”

“आई, तुम्ही तरी सांगा ना त्यांना,” असें सून म्हणते.

“अहो, लावा म्हणतायत तर लावा. पोरीला माझ्याजवळ द्या, मी धरतें तिला मांडीवर.”

यांतील एकेक वाक्य मायेनें भरलेलें आहे, आणि यांतील दोन चुका प्राणावर बेतणाऱ्या आहेत. मागें बसणारा सुरक्षित असतो, हा समज किती खोटा आहे याची प्रचीति ४ सप्टेंबर २०२२ रोजीं सबंध देशास आली. टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री अहमदाबादेहून मुंबईस येत असतां पालघर जिल्ह्यांत सूर्या नदीच्या पुलावर त्यांची मोटार कठड्यावर आदळली. मृत्यु पावले ते मागें बसलेले दोघे. त्यांनीं पट्टे बांधलेले नव्हते. पुढें बसलेले दोघे जबर जखमी झाले, पण वांचले. त्याच वर्षीं १ नोव्हेंबरपासून मुंबईच्या वाहतूक पोलिसांनीं गाडींतील सर्वांस पट्टा सक्तीचा केला. मोटारवाहन कायद्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीनें चौदा वर्षांखालील मुलास पट्टा किंवा मुलांचें खास आसन वापरल्यावांचून नेणें हाहि दंडनीय अपराध ठरला आहे. परंतु दंडाची भीति हें या बाबतींत फार क्षुल्लक कारण होय. गाडी एकाएकी थांबली असतां मांडीवरील मूल धरून ठेवण्याची शक्ति कोणाच्याहि हातांत नसते, आजीच्या हातांत तर नसतेच नसते. नातीस धरून ठेवण्याची खरी इच्छा असेल, तर तिला शेजारीं स्वतंत्र बसवून तिच्या उंचीस योग्य असें आसन व पट्टा द्यावा, आणि आजीनें तिचा हात हातांत घ्यावा.

वृद्धांविषयीं आणखी एक गोष्ट सांगावयास हवी. ती संकोचाची आहे म्हणूनच सांगावयास हवी. प्रवासाच्या दिवशीं कित्येक वडील माणसें सकाळपासून पाणी पीत नाहींत. वाटेंत थांबावें लागलें तर मुलास त्रास, सुनेपुढें लाज, हें त्याचें कारण. पण तें कोणास सांगत नाहींत. ‘तहान नाहीं’ एवढेंच म्हणतात. मग दुपारीं समारंभांत चक्कर येते, मधुमेहाची गोळी उपाशीपोटीं जाते, व सर्वांची धांवपळ उडते. ज्यानें आंखणी केली त्यानें थांबण्याची जागाहि आधींच ठरवावी. पेट्रोलपंपांवर स्वच्छतागृह, पिण्याचें पाणी व टायरांसाठीं हवा या सोयी विनामूल्य ठेवण्याचें बंधन आहे. वाटेवर कोठें चांगला पंप आहे तें पाहून ठेवावें, आणि निघण्यापूर्वींच सर्वांच्या देखत म्हणावें, “मला हवा तपासावयाची आहे, आपण घाटकोपरच्या पुढें पांच मिनिटें थांबणार आहोंत.” कारण गाडीचें सांगितलें म्हणजे आजोबांस संकोच पडत नाहीं, ते पाणी पितील.

गाडीची तपासणी थोडक्यांत उरकावी, पण आदल्या संध्याकाळीं. चारीं चाकांची हवा गाडी चालविण्यापूर्वीं, टायर थंड असतां पाहावी. स्टेपनीची विसरूं नये. ब्रेक, दिवे, वायपर, पेट्रोल, आणि लायसन, विमा व प्रदूषण यांचीं प्रमाणपत्रें. तांबडा त्रिकोण गाडींत असतो, परंतु तो आहेराच्या खोक्यांखालीं दडपलेला असूं नये.

पावसाळ्यांत हाच प्रवास निराळा होतो. मुंबईचा सखल भाग व समुद्राची भरती यांचा मेळ बसला कीं शीव व कुर्ला येथें पाणी साठतें. म्हणून आषाढ-श्रावणांत घड्याळाबरोबर भरतीची वेळहि पाहावी. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला; त्या दिवशीं बंद मोटारींत अडकून गुदमरलेल्या माणसांची आठवण शहर विसरलेलें नाहीं. पुढील पाण्याचा तळ दिसत नसेल तर गाडी त्यांत घालूं नये. आणि पाणी चढूं लागलेंच, तर कांचा व दारें उघडूं शकतात तोंवरच गाडी सोडून उंच जागीं जावें. मोटार पुन्हां घेतां येते.

गाडी बंद पडली तर तिला डाव्या कडेस न्यावें, इशाऱ्याचे दिवे लावावे, त्रिकोण मागें दूर ठेवावा आणि सर्वांनीं उतरून कठड्यापलीकडे उभें राहावें; मागून येणाऱ्या वाहनांच्या वाटेंत गाडींत बसून राहूं नये. कोणास दुखापत झाली तर रुग्णवाहिकेसाठीं १०८ व इतर साह्यासाठीं ११२ हे क्रमांक मुलांसहि पाठ असावेत. आणि दुसऱ्याचा अपघात दिसला असतां पुष्कळजण पोलिसांच्या ससेमिऱ्याच्या भीतीनें पुढें निघून जातात. त्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं, सद्भावनेनें मदत करणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीनें कायद्याचें संरक्षण दिलें आहे. आपलें नांव सांगण्याचीहि त्याच्यावर सक्ति नाहीं.

शेवटीं परतीचा विचार. आंखणी करणारे तो बहुधा करीतच नाहींत. जणूं काय साखरपुड्याबरोबर प्रवासहि संपतो. वस्तुतः अधिक अवघड तोच. पहांटेपासूनची दगदग, पोटांत श्रीखंडपुरी, दुपारचें ऊन आणि एकसुरी रस्ता यांनीं चालविणाऱ्याच्या पापण्या जड होतात. खिडकी उघडून किंवा गाणीं लावून ही झोंप जात नाहीं. वीस मिनिटांच्या डुलक्यानेंच ती जाते. तेव्हां मुलानें पंगतीनंतर एखाद्या खोलींत बिनधास्त आडवें व्हावें, व यजमानांस तसें आधींच सांगून ठेवावें. तोंवर आजोबांस बहिणीशीं बोलावयास तेवढाच अधिक वेळ मिळेल.

आणि इतकें सारें करूनहि उशीर होणारच नाहीं, असें नाहीं. मुलुंडपुढें एखादी मालमोटार आडवी पडली तर कोणाची आंखणी तिला सरळ करणार? यासाठीं घरांतून निघण्यापूर्वींच एक गोष्ट सर्वांनीं मिळून ठरवून टाकावी : उशीर झाला तर तो वेगानें भरून काढावयाचा नाहीं; सुनेनें ठाण्यास फोन करावयाचा आणि आहे त्या गतीनें जावयाचें. साखरपुड्याची सुपारी दहा मिनिटें थांबूं शकते. दाराशीं उभी राहून वाट पाहणारी सत्तरी उलटलेली बहीणहि थांबेल. भाऊ उशिरां आला म्हणून ती रागें भरेल, आणि मग त्याचा हात धरून त्याला आंत नेईल.